हॉलसाठी गालिचा घ्यायचाय, नक्की कुठला? लोकर, सुती, ताग की मशीनचा (नाशिक)

मृण्मयी_पाथर्डीफाटा | ८ जून, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो. हॉल ११ बाय १६, खाली पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाईल्स. दिसायला छान पण घर बोडकं वाटतं, आणि थंडीत या फरशीवर पाय ठेववणार नाहीत हे आत्ताच कळतंय. घरात सासूबाई आहेत (वय ७१, वाती वळणं, भाजी निवडणं सगळं खाली बसूनच) आणि अकरा महिन्यांचं रांगणारं पोर. म्हणून गालिचा घ्यायचाय.

रविवारी एका दुकानात गेलो तर डोकं भणभणलं. एक दाखवला 'बांबू सिल्क', इतका मऊ आणि झळाळता की माझा हात सुटेना, १४ हजार सांगितले आणि 'मॅडम पूर्ण हँडमेड आहे' म्हणाले. उलटा करून बघितला तर मागे पांढरं कापड चिकटवलेलं. नवऱ्याचं म्हणणं ऑनलाइन साडेचार हजारात मशीनचा येतो, तो घे आणि विषय संपव. आई म्हणतात कशाला एवढे पैसे, सरळ सतरंजी घाल. बजेट जास्तीत जास्त १५ हजार. मला खरंच कळत नाहीये, ज्यांनी वापरलेत त्यांनी सांगा प्लीज.

उन्मेष_अंबड | ८ जून, दुपारी ३:४२

नवऱ्याचं ऐका. माझ्याकडे पॉलिप्रॉपिलीनचा (प्लास्टिकच्या धाग्याचा, मशीनवरचा) आहे, पाच वर्षं झाली, दोन पोरं आणि एक कुत्रा. काही सांडलं की बाल्कनीत टाकायचा, पाइपने धुवायचा, संध्याकाळपर्यंत वाळतो.

लोकरवेडी | ८ जून, संध्या. ६:०५

मृण्मयी, तू उलटा करून बघितलास हे फार बरं केलंस. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्यात गाठी नसतात. ताणलेल्या कापडात पिस्तुलासारख्या यंत्राने धागे घुसवत जातात, मग मागून रबराच्या चिकाचा, म्हणजे लेटेक्सचा थर देतात आणि तो झाकायला वरून कापड लावतात. यंत्र माणूस हातात धरतो म्हणून 'हँडमेड' म्हटलं तर अगदी खोटं नाही, पण गिऱ्हाइकाला त्यातून हातविणीचा गालिचा वाटतो आणि किंमतही त्याच अंगाने सांगतात, याची मला मनापासून चीड आहे.

माझा स्वतःचा अनुभव. लग्नानंतर हौसेने लोकरीचा टफ्टेड घेतला होता. पहिले तीनचार महिने लोकरीचे पुंजके निघायचे, ते चालतं, नवीन लोकर गळतेच आणि मग थांबते. सहाव्या वर्षी मात्र गालिचा उचलला की खाली पिठासारखी भुकटी दिसायला लागली. रोज पुसा, रोज नवी. तो आतला लेटेक्स सुकून चुरा होत होता. पावसाळ्यात रबराचा कुबट वास यायचा तो वेगळाच. शेवटी टाकून द्यावा लागला.

ओळखायचं कसं तर पाठ बघायची. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही तशीच्या तशी दिसते आणि गाठी किंचित वाकड्यातिकड्या असतात. मशीनच्यात सगळं एकसारखं, पट्टीने आखल्यासारखं. झालरसुद्धा बघ. हातविणीच्यात झालर म्हणजे ताण्याचेच (विणीतल्या उभ्या धाग्यांचेच) उरलेले धागे असतात, मशीनच्यात ती नंतर शिवलेली असते.

आणि बांबू सिल्क म्हणजे रेशीम नाही गं. तो व्हिस्कोस. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा.

गोदाकाठचा_केदार | ८ जून, रात्री ९:२०

व्हिस्कोसवरून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे असाच एक होता, मोतिया रंगाचा. रविवारी सकाळी मिसळ घरी आणली होती, पाहुणे होते म्हणून सगळे हॉलमध्येच बसलेलो. माझ्या मेव्हण्याचा कोपर लागला आणि रश्श्याचा डबा आडवा. तर्री आधी वर तरंगली, म्हणजे दोन सेकंद असं वाटलं की उचलता येईल, आणि मग बघता बघता शोषली गेली, कडेने तेलाचं एक पिवळं वर्तुळ वाढत गेलं. बायकोने पळत जाऊन भांड्याचं लिक्विड आणलं, घासलं, तर पिवळ्याचं लालभडक झालं! आम्हाला वाटलं मिरचीचा रंग असेल. जितकं घासलं तितकं लाल.

वाळल्यावर ती जागा खरखरीत झाली, सगळी मऊ लव एकमेकीला चिकटून बसली, आणि आजूबाजूला जिथे नुसतं पाणी लागलं होतं तिथेही पिवळट झाक आली. त्यावर टीपॉय सरकवून दोन वर्षं काढली. रांगणारं बाळ असेल तर व्हिस्कोस घेऊ नका, हात जोडून सांगतो.

रानजाई | ८ जून, रात्री ९:३१

मेव्हण्याला त्यानंतर मिसळ मिळाली का?

गोदाकाठचा_केदार | ८ जून, रात्री ९:३३

मिळते, पण ओट्याशी उभं राहून :)

प्रयोगवही | ८ जून, रात्री १०:४५

केदारदादा, तो मिरचीचा रंग नव्हता, हळदच होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, सातवी-आठवीच्या मुलांकडून हळदीचा कागद करून घेतो ना आम्ही, साबणाचं पाणी टाकलं की लाल होतो, तोच प्रकार. साबण अल्कधर्मी असला की हळद लाल होते. डाग वाढला नव्हता, फक्त रंग बदलला होता. साध्या पाण्याने साबण पूर्ण काढून टाकला असता तर परत पिवळा झाला असता, आणि पिवळा डाग उन्हात धरला की दोनचार दिवसांत फिका पडतो, हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. आपल्या आया हळदीचे डाग पडलेले लंगोट उन्हात वाळत घालायच्या ते उगीच नाही.

पण व्हिस्कोसला मुळात पाणीच सोसत नाही. ओला झाला की त्या धाग्याची ताकद बरीच कमी होते, त्यात घासलं की लव तुटते आणि गोळे होतात. तुम्ही घासलंत तिथेच खेळ संपला.

कुठलाही गालिचा असो, सांडल्यावर आधी चमच्याने वरचं उचला, मग पांढरं सुती कापड नुसतं दाबून टिपा, कडेकडून मध्याकडे. घासायचं नाही. तेलकट असेल तर वर कॉर्नफ्लोअर नाहीतर टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, तेल ओढून घेते. लोकरीला गार पाणी आणि रिठ्याचं पाणी चालतं. ब्लीच आणि धुण्याचा सोडा लोकरीला अजिबात लावू नका, लोकर म्हणजे केसच, ते त्यात खराब होतात.

विभा_देवळाली | ९ जून, सकाळी ७:१५

मृण्मयी, तुझ्या सासूबाईंचं ऐक हो. मी त्यांच्याच वयाची. आमचा पंचवटीत वाडा होता, माजघरात भली मोठी सतरंजी, लग्नकार्याला जाजम, जेवायला बस्करं आणि थंडीत आजोबांच्या खाली घोंगडी. गालिचा हा शब्द आम्ही फक्त गोष्टीतल्या राजवाड्यात ऐकला. आमच्या सतरंजीला एक बाजू खराब झाली की उलटी टाकायची, दोन्ही बाजू सारख्याच. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि शिमग्यानंतर, आम्ही पोरं ती नदीवर घेऊन जायचो, दगडावर आपटून धुवायचो, आणि घाटावर पसरली की वाळेपर्यंत राखण करायची. ओली सतरंजी दोघांना उचलत नसे.

घोंगडीचंही सांगते. धनगर मंडळी लोकर काततात, सनगर विणतात, आणि विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ देतात म्हणून ती सुरुवातीला कडक लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, टोचते, बाळाच्या अंगाला नको. पण आईंच्या बसण्याच्या जागी चौघडी करून टाकलीस तर फरशीचा गारवा वर येणार नाही.

जाड सुती दरी घे, म्हणजे जाड सतरंजीच. पंजा दरी म्हणतात ती, विणताना आडवा धागा लोखंडी पंजाने ठोकून बसवतात म्हणून ते नाव. घट्ट असते, वर्षानुवर्षं जाते.

उन्मेष_अंबड | ९ जून, सकाळी ९:५०

काकू, सगळं मान्य पण आता नदीवर कोण नेणार? ६ बाय ९ ची जाड दरी घरच्या मशीनमध्ये बसत नाही, ओली झाली तर फ्लॅटमध्ये वाळवायची कुठे? जुलैत चार दिवस वाळली नाही की वास मारतो. म्हणून म्हणतोय प्लास्टिकच्या धाग्याचा घ्या. तो धागाच पाणी पीत नाही.

लोकरवेडी | ९ जून, सकाळी १०:३०

उन्मेष, पाणी पीत नाही हे खरं, पण तेल धरतो तो. आणि लव एकदा चेपली की उठत नाही. तुझ्या सोफ्यासमोर जिथे रोज पाय टेकतात ती जागा बघ बरं.

उन्मेष_अंबड | ९ जून, सकाळी १०:५२

बघितली. चेपलीये. दाराकडून सोफ्याकडे जायची चकाकती पायवाट झालीये. पण साडेतीन हजारात पाच वर्षं गेली, आता बदलेन. तक्रार नाही.

सातपूरकर_न | ९ जून, दुपारी १:०५

सगळे कापडावर बोलताय, मी घसरण्यावर बोलतो. दोन वर्षांपूर्वी माझी आई, वय ७४, रात्री पाणी प्यायला उठली आणि पॅसेजमधल्या पातळ दरीवर पाय पडला. दरी सरकली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन, तीन महिने वॉकर. दरी चांगली होती, महाग होती, खाली काही लावलं नव्हतं एवढंच. व्हिट्रिफाइडवर सुती दरी म्हणजे बर्फावर कागद.

गालिचा कुठलाही घ्या, पण खाली अँटीस्किड घेतल्याशिवाय घरात पसरू नका. दोन प्रकार मिळतात. एक रबरी जाळी, पातळ दरीला बरी. दुसरा खालून रबर आणि वरून दाबलेला नमदा (फेल्ट), तो जाड असतो, बसायला मऊ लागतो आणि गारवाही अडवतो. स्वस्त फोमची जाळी वर्षभरात फरशीला चिकटून तिचे तुकडे पडतात, ती नको. आणि गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी इंचभर लहान कापा म्हणजे कड उचललेली दिसत नाही. आईंच्या खोलीतून बाथरूमकडे जायच्या वाटेवर मात्र काहीच टाकू नका, पायपुसणंसुद्धा रबरी पाठीचं.

मृण्मयी_पाथर्डीफाटा | ९ जून, दुपारी १:४०

बापरे. आई आता बऱ्या आहेत ना? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अँटीस्किड नक्की. व्हिस्कोस बाद, टफ्टेडही बाद. तागाचे पण सुंदर दिसतात, नैसर्गिक रंग, स्वस्त पण आहेत. त्याचं काय?

सातपूरकर_न | ९ जून, दुपारी २:१०

बरी आहे आता, काठी घेऊन गच्चीत फिरते.

इगतपुरी_वळण | ९ जून, रात्री ८:२५

तागाचं मी सांगतो. आमचं इगतपुरीला छोटं घर आहे, तिथे हौसेने गोल तागाचा टाकला होता. पहिल्याच पावसाळ्यात खालून बुरशी. पाणी सांडलं की तपकिरी डाग, जो पुसायला गेलं की मोठा होतो. आणि ताग झडतो, खाली बारीक भुसा साचतो. नाशिक शहरात इगतपुरीइतका पाऊस नाही, त्यामुळे तिथे चालेलही, पण रांगणाऱ्या बाळाच्या गुडघ्यांना तो खरखरीत लागेल. ताग कोरड्या खोलीत, खुर्चीखाली वगैरे ठीक.

आराखडा | ९ जून, रात्री १०:०२

मी इंटिरिअरची कामं करते. प्रकाराइतकंच मापही महत्त्वाचं आणि लोक तिथेच चुकतात. ११ बाय १६ च्या हॉलमध्ये ४ बाय ६ टाकला की तो मध्येच तरंगत राहतो. दुकानात मात्र तोच मोठा दिसतो, कारण तिथे तो एकटा भिंतीवर टांगलेला असतो.

मृण्मयी, एक कर. घरातले जुने वर्तमानपत्राचे कागद टेपने जोडून ६ बाय ९ चा तुकडा सोफ्यासमोर पसर. सोफ्याचे पुढचे पाय त्याच्यावर आले पाहिजेत, आणि रुंदी सोफ्यापेक्षा दोन्हीकडे वीतभर तरी जास्त हवी. दोन दिवस तसाच ठेव, त्यावरून चाला. मुख्य दार उघडताना अडतंय का बघ, दाराखालची फट मोज, कारण जाड लवीचा गालिचा दाराला घासतो. डायनिंगखाली टाकणार असशील तर टेबलाच्या कडेपासून दोन फूट बाहेर यायला हवा, नाहीतर खुर्ची मागे ओढली की पाय खाली उतरतो आणि माणूस डुलतो. खरं सांगायचं तर लहान मूल असताना डायनिंगखाली टाकूच नकोस.

रंग एकसलग फिका नको, अगदी गडदही नको, गडदावर पांढरी धूळ आणि केस दिसतात. मध्यम रंगाची, बारीक नक्षीची घे.

रानजाई | ९ जून, रात्री १०:२०

आमच्याकडे पेपर बंद करून दोन वर्षं झाली, शेजाऱ्यांकडे रद्दी मागायला जावं लागणार.

तेजू_इंदिरानगर | १० जून, सकाळी ११:१५

मला जरा विरोधी सूर लावायचाय. माझ्या मुलाला दमा आहे. डॉक्टरांनी पहिल्यांदा घरी काय काय आहे ते विचारलं आणि जाड लवीचा शॅगी गालिचा काढायला सांगितला. धुळीतले अतिसूक्ष्म किडे अशा लवीत आणि दमटपणात वाढतात. आम्ही काढला, घर रोज ओल्या फडक्याने पुसतो, फरक पडला. त्यामुळे मृण्मयी, बाळाला किंवा घरात कुणाला ॲलर्जी असेल तर गालिच्याचा विचारच करू नकोस असं मी म्हणेन.

लोकरवेडी | १० जून, दुपारी १२:००

तेजू, दमा असलेल्या घरात तुझं बरोबरच. पण ॲलर्जी नसेल तर सरसकट नको म्हणू नये. बिनलवीची दरी उचलून झटकता येते, उन्हात टाकता येते, खालची फरशी पुसता येते. शॅगीत ती सोय नाही.

तेजू_इंदिरानगर | १० जून, दुपारी १२:२०

बिनलवीचं पटतंय. आठवड्यातून एकदा उचलून पुसणार असशील तर ठीक. न उचलता वरवर झाडू मारायचा असेल तर नाही.

माग_आणि_माणूस | १० जून, रात्री ९:४०

उशिरा येतोय. मी तीस वर्षं कापडाच्या धंद्यात, निम्मी मालेगावात आणि निम्मी पानिपतला. चारदोन गोष्टी सांगतो ज्या दुकानात कुणी सांगणार नाही.

धागा ओळखायचा असेल तर झालरीतला नाही, लवीतला एक तुसा मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडीने पेटवा, चिमट्यात धरून. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते आणि राख बोटाने चुरडली जाते. सुती आणि व्हिस्कोस कागदासारखे भुरभुर जळतात. प्लास्टिकचा धागा वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो, हात लावू नका, चटका बसतो. दुकानदार धागा द्यायला नको म्हणाला तर मीही घ्यायला नको म्हणतो. रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर दहावेळा चोळा. रुमालाला रंग लागला तर ती दरी पहिल्या पाण्यात तुमची टाईल रंगवणार.

हातगाठीचा गालिचा महाग का तेही सांगतो. आपल्याकडे मोठा पट्टा म्हणजे उत्तर प्रदेशातला भदोही-मिर्झापूर, भदोहीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आता हिशेब करा. ६ बाय ९ म्हणजे ५४ चौरस फूट, म्हणजे ७,७७६ चौरस इंच. इंचाला १०० गाठी धरल्या तरी ७,७७,६०० गाठी, आणि एकेक गाठ बोटांनी मारून सुरीने कापलेली. काश्मिरात तर कुठल्या रंगाच्या किती गाठी हे तालीम नावाच्या सांकेतिक लिपीत लिहितात, विणकर ती वाचत विणतो. मी भदोहीला एका मागासमोर तासभर बसलो होतो. चौघे जण एका फळीवर बसले होते, तासाभरात बोटभर उंचीसुद्धा चढली नव्हती. त्यामुळे १५ हजारांत ६ बाय ९ चा हातगाठीचा लोकरीचा नवा गालिचा कुणी देत असेल तर काहीतरी खोटं आहे. एक तर तो हातगाठीचा नाही, नाहीतर कुणाची तरी मजुरी मारलीये.

या धंद्यात लहान मुलांना मागावर बसवायचे हे मी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलंय. त्यावरूनच १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थींनी रगमार्क सुरू केलं, त्याचं नाव आता गुडवीव्ह. बालमजुरी नाही याची खूण म्हणून ते लेबल लावतात. हातगाठीचा घ्याल तेव्हा ते लेबल मागा. दुकानदार हसला तरी मागा.

मृण्मयीताई, तुमच्या बजेटात उत्तम मिळणारी वस्तू म्हणजे पंजा दरी. सुती घ्या नाहीतर लोकरीची बिनलवीची.

विभा_देवळाली | ११ जून, सकाळी ६:५०

वाचून बरं वाटलं. माझं म्हणणं धंद्यातल्या माणसाने खरं केलं.

गोदाकाठचा_केदार | ११ जून, सकाळी ८:३०

काका, दरी चांगली कुठे मिळेल? मेनरोड-भद्रकालीत सतरंज्या दिसतात पण पातळ.

माग_आणि_माणूस | ११ जून, सकाळी ९:१५

डोंगरे वसतिगृह मैदानावर हातमागाची प्रदर्शनं लागतात तिथे बघा, मिर्झापूर आणि वरंगळच्या दऱ्या येतात. घडी उलगडून चारी कोपरे जमिनीला टेकतात का ते बघायचं, विणताना ताण कमीजास्त झाला असेल तर कोपरा वर राहतो किंवा मध्ये फुगा येतो. बोटाने दोन धाग्यांत फट पडते का बघायचं. पडली तर ती ठोकलेली नाही.

आणि कारागृहाच्या विक्री केंद्रात विचारा. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत सतरंज्या विणायचं काम फार जुनं. येरवड्याचे गालिचे इंग्रजांच्या काळी नावाजलेले होते.

आराखडा | ११ जून, सकाळी १०:००

तुरुंगावरून आठवलं, इंग्लंडमधल्या विंडसर कॅसलच्या वॉटर्लू चेंबरमध्ये जो अवाढव्य गालिचा आहे तो आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला आहे, व्हिक्टोरिया राणीसाठी. कॉलेजात हे शिकले तेव्हा मला सगळ्यात जास्त वाटलं होतं ते हे की विणणाऱ्यांपैकी एकाचंही नाव तिथे नाही.

रानजाई | ११ जून, सकाळी १०:३५

हे माहीत नव्हतं. नाशिक रोडच्या कारागृहातले गणपती आम्ही दोनदा आणलेत, आता सतरंजीची चौकशी करते.

मृण्मयी_पाथर्डीफाटा | ११ जून, रात्री ११:०५

पोर झोपल्यावर सगळं परत वाचलं. जवळजवळ ठरलंय, दरीच. फक्त एक शंका, सुती की लोकरीची? थंडीसाठी लोकर बरी ना? आपल्याकडे दर हिवाळ्यात निफाडचा पारा कितीवर आला याच्या बातम्या असतात, आमचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून आहे.

लोकरवेडी | १२ जून, सकाळी ९:४५

लोकर माझी लाडकी, तरी तुला सुती सांगेन. लोकर ऊबदार, लवचिक, चट्कन पेटत नाही, आणि तिच्यातल्या नैसर्गिक तेलकटपणामुळे सांडलेलं लगेच शोषत नाही, टिपायला वेळ मिळतो. पण तिला कसर लागते. माझ्या आजोळची एक लोकरीची दरी कपाटाखाली सरकलेल्या भागात पूर्ण खाल्लेली निघाली, वरून चांगली आणि उचलली तर चाळणी. कसरीला अंधार आणि शांतता लागते, जिथे कुणी झाडत नाही तिथे ती अंडी घालते. म्हणजे लोकर घेतलीस तर महिन्यातून एकदा सोफा सरकवून, उलटून, मागूनही झाडायला हवी आणि बांधून ठेवताना स्वच्छ करून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून, सुती चादरीत गुंडाळून. प्लास्टिकमध्ये कधीच नाही, आत दमट होतं. लहान बाळ असताना हे सगळं तुझ्याच्याने होणार आहे का ते तू ठरव.

थंडीसाठी सातपूरकरांनी सांगितलेलं जाड नमद्याचं अस्तर सुती दरीखाली घाल. ऊब मुख्यतः जाडीत आणि आत अडकलेल्या हवेत असते.

उन्मेष_अंबड | १२ जून, सकाळी १०:१०

आणि एक मोठी घेण्यापेक्षा ४ बाय ६ च्या दोन सारख्या घेतल्या तर? मशीनमध्ये बसतील, एक वाळत असताना दुसरी असते.

आराखडा | १२ जून, सकाळी १०:४०

दोन्हीमधल्या फटीत पाय अडकेल. आजी आणि बाळ दोघेही आहेत, एकच घे. धुवायला गच्ची आहे ना सोसायटीला?

मृण्मयी_पाथर्डीफाटा | १२ जून, सकाळी ११:००

आहे, कठडापण दणकट आहे.

मृण्मयी_पाथर्डीफाटा | २४ जुलै, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, मध्ये गप्प होते त्याबद्दल सॉरी. घेतली! सुती पंजा दरी, ६ बाय ९, विटकरी आणि निळ्या पट्ट्यांची, आठ हजार दोनशे. खाली रबर-नमद्याचं अस्तर, ते तीन हजारांना. रुमाल ओला करून दुकानातच चोळला, दुकानदार बघत राहिला पण रंग नाही लागला. आधी वर्तमानपत्राचा ६ बाय ९ केला होता, पोराने अर्ध्या तासात फाडला पण तेवढ्यात कळलं की दाराला अडत नाही. सोफ्याचे पुढचे पाय वर घेतलेत, हॉल एकदम भरल्यासारखा वाटतो.

पहिला डाग चौथ्याच दिवशी, वरणाचा. प्रयोगवहीताईंचं वाक्य आठवलं, साबणाला हात लावला नाही. चमच्याने उचललं, टिपलं, पाण्याने पुसलं, आणि पावसातून एक दिवस ऊन पडलं तेव्हा खिडकीत धरली. अगदी निरखून बघितलं तर कळतं, नाहीतर नाही.

आई पहिल्या दिवशी म्हणाल्या आठ हजारांत आमच्या वेळी लग्न झालं असतं. पण दुपारी बघितलं तर वातींचा डबा घेऊन तिथेच बसल्या होत्या, आणि सातपूरकरदादा, उठताना त्यांनी हात टेकला तेव्हा दरी सूतभरही हलली नाही, मी मुद्दाम बघितलं.

आता एकच अडचण. बाल्कनीकडचा कोपरा वर वळतोय. दरीच वाकडी आहे का? कोपऱ्यावर कुंडी ठेवलीये सध्या.

माग_आणि_माणूस | २५ जुलै, सकाळी ८:०५

कुंडी आधी काढा, खालून ओल धरेल आणि सुताला काळे ठिपके पडतील, ते परत जात नाहीत. घेताना चारी कोपरे टेकत होते ना? मग दरी वाकडी नाही, घडीची सवय आहे. तो कोपरा उलट्या बाजूला घट्ट गुंडाळून, दोरीने बांधून एक रात्र ठेवा. सकाळी सोडा आणि वर दोन जाड पुस्तकं दिवसभर. तरी राहिलाच तर कोपऱ्याला खालून तळहाताएवढा जाड कापडाचा तुकडा हाताने टाचा, वजनाने बसतो.

आणि बाल्कनीच्या दाराशी पावसाची झड येते का बघा. येत असेल तर दरी हातभर आत घ्या.

मृण्मयी_पाथर्डीफाटा | २६ जुलै, सकाळी ९:२०

झड येतेच, ती बाजू खालून दमट लागली हाताला. हातभर आत घेतली, कोपरा रात्री बांधून ठेवला होता, आत्ता सोडला तर ऐंशी टक्के बसलाय. पुस्तकं ठेवलीयेत वर, पोर ती ओढून काढायच्या मागे आहे.

विभा_देवळाली | २६ जुलै, सकाळी ९:४०

फोटो टाक गं. आईंचाही येऊ दे.